कोऱ्या झालेल्या पावतीपासून : देवगड किनाऱ्यावरील अदृश्य शाईच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ एप्रिल

या प्रकल्पाची सुरुवात एका कोऱ्या कागदाने झाली. नववीची परीक्षा नुकतीच दिलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मासेमारी करतात. गेल्या ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठल्यावर त्यांनी होडीसाठी नवे इंजिन घेतले आणि त्याची पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली. आता इंजिनात बिघाड झाला आहे, हमीची मुदत शिल्लक आहे, पण पाकिटातून निघालेल्या कागदावर एकही अक्षर उरलेले नाही. पावतीशिवाय आपण काही करू शकत नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. मुलाने तो कागद माझ्यासमोर धरला आणि विचारले, "बाई, अक्षरं गेली कुठं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, म्हणून सुट्टीत त्याच्यावरच काम करायचे ठरवले. तो आणि त्याच्या वर्गातली आणखी एक मुलगी, असे आम्ही तिघे आहोत. पावतीला इतक्यात हात लावायचा नाही, आधी दिसेनाशा होणाऱ्या आणि मुळातच न दिसणाऱ्या शायांचे रसायन नीट समजून घ्यायचे आणि मगच तिच्याकडे वळायचे, असे आमचे ठरले आहे. तोवर ती प्लास्टिकमधून काढून साध्या कागदी पाकिटात, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवायला सांगितले आहे.

२० एप्रिल

आज उष्णतेने उमटणाऱ्या शाया करून पाहिल्या. लिंबाचा रस, दूध, कांद्याचा रस आणि शहाळ्याचे पाणी अशा चार वाट्या मांडल्या आणि बोरूने एकाच प्रकारच्या कागदावर एकच शब्द चार वेळा लिहिला. कागद सुकल्यावर त्यावरून गरम इस्त्री फिरवली. मेणबत्तीच्या ज्योतीवर कागद धरण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण मुलांच्या हातून ती मी करू दिली नाही, कारण अक्षरे उमटण्याची आणि कागद पेटण्याची वेळ यांत फार थोडे अंतर असते.

चारही शब्द तपकिरी उमटले. कारण एकच आहे. रसातील शर्करा, आम्ले आणि प्रथिने कागदाच्या तंतूंपेक्षा कमी तापमानाला करपतात. शिवाय लिंबातील आम्ल कागदातील सेल्युलोजची साखळी जागोजागी कमकुवत करते, त्यामुळे तेवढाच भाग भोवतालच्या कागदाच्या आधी काळवंडतो. ही अक्षरे एकदा उमटली की परत लपवता येत नाहीत, कारण करपलेला पदार्थ मूळ रूपात येत नाही. आमच्या कामाच्या दृष्टीने ही महत्त्वाची नोंद आहे : काही शायांचा प्रवास एकाच दिशेने होतो, तर काहींचा दोन्ही दिशांनी.

चारांत शहाळ्याचे पाणी मला सर्वांत चांगले वाटले. लिंबाच्या घट्ट रसाने कागद आक्रसतो आणि तिरप्या उजेडात त्या जागी चकाकी दिसते. दुधाचीही तीच गत होते. शहाळ्याच्या पाण्याने लिहिलेला कागद खिडकीशी आडवा धरूनही मुलीला शब्द सापडला नाही, आणि इस्त्रीखाली मात्र तो फिकट बदामी रंगात स्पष्ट आला. पहिल्या महायुद्धात कार्ल म्युलर हा जर्मनीचा हेर लिंबाच्या रसाने लिहिलेल्या पत्रांमुळे पकडला गेला आणि १९१५ च्या जूनमध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्याकडचे लिंबू पुरावा म्हणून जपून ठेवले गेले, हे सांगितल्यावर दोन्ही मुले बराच वेळ समोरच्या वाटीकडे पाहत राहिली.

२३ एप्रिल

मुलाच्या घरी काजूची बोंडे चिरली जात होती आणि विळीचे पाते पाहता पाहता काळे पडत होते. त्याची आजी म्हणाली, "बोंडू कापलो की आडाळो काळो पडताच!" आजचा संपूर्ण प्रयोग त्या पात्यावर आधीच झालेला होता. बोंडूच्या रसात टॅनिन असते, त्यामुळेच तो घशाला धरतो. टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा पदार्थ तयार होतो, आणि जुन्या काळी मायफळापासून किंवा हिरड्यापासून जी पक्की काळी शाई करत, तिच्यातही हाच पदार्थ असतो.

अदृश्य शाईसाठी ही दोन द्रव्ये वेगळी ठेवायची असतात. आम्ही हिरड्याचा काढा केला, तो गाळून इतका पातळ केला की कागदावर सुकल्यावर त्याचा पिवळेपणा दिसू नये, आणि त्याने लिहिले. मग हिराकसाच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा त्यावरून हलकेच फिरवला. बायझँटियमच्या फायलो या ग्रीक लेखकाने ख्रिस्तपूर्व ३ ऱ्या शतकात मायफळाच्या पाण्याने लिहून धातूच्या क्षाराने अक्षरे उमटवण्याची अशीच रीत सांगितली आहे.

इथे एक अडचण आली आणि तिच्यातूनच खरे शिकायला मिळाले. नुकत्याच आणलेल्या हिरव्या हिराकसाने अक्षरे जेमतेम करडी झाली, तर प्रयोगशाळेतल्या जुन्या, समुद्राकाठच्या दमट हवेत पिवळट तपकिरी पडलेल्या हिराकसाने ती क्षणात काळीभोर झाली. एरवी तो जुना डबा मी खराब म्हणून टाकून दिला असता. ताज्या हिराकसातील लोह फेरस अवस्थेत असते आणि टॅनिनसोबतचे त्याचे संयुग फिके असते. हवेतील ऑक्सिजनने त्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते फेरिक अवस्थेत गेले की मगच गडद रंग येतो. ताज्या हिराकसाची करडी अक्षरे आम्ही तशीच ठेवून दिली, ती संध्याकाळपर्यंत काळी झालेली होती. त्यांवर लिंबाचा रस लावल्यावर ती पुन्हा फिकट झाली, कारण सायट्रिक आम्ल लोहाला टॅनिनपासून ओढून आपल्याकडे बांधून घेते. कपड्यावरचा गंजाचा डाग लिंबाने निघतो तो याच कारणाने.

२८ एप्रिल

आजचा पहिला प्रयोग फसला. तांदळाच्या पेजेवरचे निवळ पाणी घेऊन लिहिले आणि औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडीन पाण्यात चहाच्या रंगाइतके पातळ करून त्यावर कुंचल्याने फिरवले. स्टार्चच्या रेणूंची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. आयोडीन तिच्या पोकळीत जाऊन बसते आणि गडद निळा रंग येतो, एवढे पाठ्यपुस्तकात आहे. आमच्या समोर मात्र अख्खा कागदच जांभळा झाला आणि त्यात शब्द बुडून गेला.

मुलीने कारण ओळखले : कागदालाच खळ असणार. तिचे बरोबर होते. लिहिण्याच्या व छपाईच्या कागदावर शाई पसरू नये म्हणून कारखान्यात स्टार्चचा लेप दिलेला असतो. नोटा मात्र कापसाच्या तंतूंच्या कागदावर छापल्या जातात आणि त्यांना असा लेप नसतो. खोट्या नोटा ओळखण्याचे आयोडीनचे पेन याच फरकावर चालते. मग आम्ही प्रयोगशाळेतला गाळणकागद घेतला. तो जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो. त्यावर पेजेची अक्षरे पिवळसर पार्श्वभूमीवर निळी, रेखीव उमटली.

याच अक्षरांवर लिंबाच्या रसाचा एक थेंब सोडला. थेंब जिथे पसरला तिथला निळा रंग कडेपासून आत असा विरत गेला आणि शेवटी मध्यावर निळा ठिपका उरला, तोही गेला. लिंबातील क जीवनसत्त्व आयोडीनचे क्षपण करून त्याचे रंगहीन आयोडाइड करते. स्टार्च जागच्या जागीच असते. त्यामुळे पुन्हा आयोडीन लावले की अक्षरे परत येतात. मुलाने हे तीन वेळा करून पाहिले.

आयोडीनविषयी आणखी एक गोष्ट येथेच लिहून ठेवते. पहिल्या महायुद्धात टपाल तपासणारे लोक संशयित पत्रावर आयोडीनची वाफ सोडत. कोणत्याही पाण्याने कागदाचे तंतू विस्कटतात आणि त्या विस्कटलेल्या जागी आयोडीन वेगळ्या प्रमाणात बसते, त्यामुळे नुसत्या पाण्याने लिहिलेलेही उघडकीस येत असे. लपवण्यासाठी कोणते रसायन वापरले आहे हे ठाऊक नसतानाही कागदाला झालेला स्पर्श वाचता येतो, हा विचार मला पावतीसाठी जवळचा वाटतो.

४ मे

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून थायमॉलफ्थॅलीन मिळाले. ०.१ ग्रॅम भुकटी १० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवली, त्यात ९० मिलिलिटर पाणी घातले आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले. गढूळ पांढरे द्रावण एकाएकी गडद निळे झाले. सोडियम हायड्रॉक्साइडचे काम मी स्वतः चष्मा व हातमोजे घालून केले. गंमत म्हणून अशी शाई कोणाच्या अंगावर उडवण्याचे प्रकार चालतात, पण डोळ्यात गेल्यास हे द्रावण गंभीर इजा करते, म्हणून मुलांना ते फक्त बोरूने कागदावर लावू दिले.

निळी अक्षरे ओसरीवर उघड्यावर ठेवली. काही मिनिटांतच ती आकाशी, मग धुरकट झाली आणि मग कागद पांढरा दिसू लागला. थायमॉलफ्थॅलीन हे दर्शक आहे, म्हणजे द्रावण आम्लधर्मी की अल्कधर्मी यानुसार रंग बदलणारे द्रव्य. सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (pH), ९.३ च्या खाली असताना ते रंगहीन असते आणि १०.५ च्या वर निळे. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के आहे, तरी अक्षराचा थर इतका पातळ असतो की तेवढा वायू पुरतो. सोडियम हायड्रॉक्साइडचे आधी सोडियम कार्बोनेट आणि पुढे बायकार्बोनेट होते, सामू घसरतो आणि दर्शकाच्या रेणूची रचना बदलून तो निळा रंग देईनासा होतो.

हे केवळ वाचून मान्य करू नये म्हणून आम्ही एकाच वेळी तीन कागद तपासले. एक ओसरीवर ठेवला. दुसऱ्यावर मुलाने नळीने हळूहळू फुंकर घातली. तिसरा काचेच्या बरणीत टांगला आणि तिच्या तळाशी शिंपल्यांच्या चुन्याची निवळी ठेवून झाकण घट्ट लावले, जेणेकरून बरणीतला कार्बन डायऑक्साइड चुना आधीच शोषून घेईल. उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, म्हणजे हवेच्या जवळजवळ १०० पट असतो. फुंकरीचा कागद एका मिनिटाच्या आत पांढरा झाला. ओसरीवरचा त्याच्या मागोमाग गेला. बरणीतला मात्र जेवण होऊन आम्ही परत आलो तरी निळाच होता. झाकण उघडून कागद बाहेर काढला आणि तोही विरायला लागला. हा या प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग आहे, कारण शाई सुकल्यामुळे रंग जातो ही मुलांची समजूत त्या बरणीने एका दुपारी दूर केली.

पांढऱ्या झालेल्या कागदावर चुन्याची निवळी फिरवल्यावर शब्द पुन्हा निळा उमटला. म्हणूनच अशा शाईला नाहीशी होणारी शाई म्हणणे मला पटत नाही. त्या कागदावरून काहीही नाहीसे झालेले नसते.

याच रीतीने फिनॉल्फ्थॅलीनची गुलाबी शाईही केली. ती विरायला बराच जास्त वेळ लागला, कारण तिचा रंग जाण्यासाठी सामू ८.२ पर्यंत खाली यावा लागतो.

७ मे

मुलीच्या आईने विचारले की मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती शाई का जात नाही. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते त्वचेवरच्या मिठाशी संयोग पावून सिल्व्हर क्लोराइड तयार होते आणि प्रकाशाने त्यातून चांदीचे सूक्ष्म कण सुटून डाग काळा पडतो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती वापरात आहे आणि म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. अदृश्य शाईला उलट दिशेने पाहिले तर ती अशी दिसते : द्रव्य रंगहीन असते आणि सूर्यप्रकाश त्याला उमटवतो. प्रयोग केला नाही, कारण सिल्व्हर नायट्रेट महाग आहे आणि त्याचे डाग हातावर बरेच दिवस राहतात.

१२ मे

कोबाल्ट क्लोराइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ एलो याने १७३७ मध्ये कोबाल्टच्या अशा शाईचे वर्णन केले, आणि त्या शतकात हिवाळ्याचे चित्र शेकोटीपाशी ठेवले की त्यात हिरवाई उमटावी असे पडदे रंगवण्याचीही हौस होती. हे संयुग विषारी आहे आणि कर्करोगकारक म्हणून धोकादायक मानले जाते, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या जुन्या बाटलीतले थोडेसेच घेऊन मी एकटीने काम केले आणि मुलांनी लांबून पाहिले.

सौम्य द्रावणाची फिकट गुलाबी अक्षरे कागदावर जवळजवळ दिसत नाहीत. दिव्याच्या उष्णतेने पाणी निघून गेले की ती निळी होतात. गुलाबी रूपात कोबाल्टच्या आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. पाणी गेल्यावर क्लोराइड त्याच्या जवळ येतात, रचना बदलते आणि रंगही बदलतो. थंड झाल्यावर हवेतली आर्द्रता परत आत शिरते आणि अक्षरे लपतात. पाठ्यपुस्तकातल्या कृतीत निळी अक्षरे आरामात वाचता येतील असे गृहीत धरलेले असते. आमच्याकडे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात दिवा बाजूला केल्यावर ती थोडक्या मिनिटांतच गेली, आणि मुलाला वहीत शब्द उतरवून घेण्याची घाई करावी लागली.

२० मे

पावसापूर्वीच्या फवारणीसाठी शेजारच्या सुपारीच्या बागेत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना आणून ठेवलेला आहे. १०० लिटर पाण्याला दोन्ही १-१ किलो, हे बोर्डो मिश्रणाचे प्रमाण मुलांना घरूनच ठाऊक होते. त्यातले चिमूटभर मोरचूद मागून आणले. त्याच्या अगदी पातळ द्रावणाने लिहिलेले सुकल्यावर दिसत नाही. झाकलेल्या डब्यात अमोनियाच्या वाफेवर कागद धरला की गर्द निळी अक्षरे येतात, आणि उघड्यावर अमोनिया उडून गेला की ती फिकटतात. वाफेने उमटणारी ही आमची पहिलीच शाई. खोली हवेशीर ठेवावी लागली.

२ जून

कालपासून पावतीच्या कुळाकडे वळलो आहोत. पायलट कंपनीची फ्रिक्शन ही पुसता येणारी पेने २००६ पासून बाजारात आहेत. त्यांच्या शाईत अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे बंद कुप्या, असतात आणि प्रत्येक पुटिकेत तीन पदार्थ : ल्यूको रंजक, म्हणजे एरवी रंगहीन असणारे रंगद्रव्य, त्याला रंगात आणणारे आम्लधर्मी द्रव्य, आणि तापमानानुसार या दोघांची जोडी जुळवणारे किंवा तोडणारे तिसरे द्रव्य. खोडताना घर्षणाने तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाते, जोडी तुटते आणि रंग जातो. या पेनने लिहिलेले पान आम्ही इस्त्रीखाली कोरे केले आणि ओळखीच्या एका मासळीच्या शीतगृहात उणे १८ अंशांच्या खोलीत ठेवून आलो. आज ते आणले, तेव्हा शब्द जागच्या जागी होते, फक्त मूळच्यापेक्षा थोडे फिके. करारावर किंवा धनादेशावर सही करताना पेन आपलेच वापरावे, हे मुलांनी स्वतःहून वहीत लिहिले, आणि पुसता येणारे पेन तेथे आपणही वापरू नये ही पुस्ती मी जोडली.

दुकानातली पावती छापणाऱ्या यंत्रात शाई नसतेच. कागदाच्या लेपातच ल्यूको रंजक आणि आम्लधर्मी द्रव्य शेजारी शेजारी पण वेगळे असतात. छपाईचे तापलेले टोक टेकले की तेवढ्या जागी ते वितळून एकत्र येतात, रंजकाच्या रेणूतले वलय उघडते आणि काळा ठिपका उमटतो. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात लवचीकपणासाठी प्लास्टिसायझर मिसळलेले असतात. ते हळूहळू लेपात झिरपतात, रंजक आणि आम्लाची जोडी तोडतात, आणि वलय पुन्हा मिटते. मुलाच्या वडिलांनी जी काळजी घेतली, तिच्यामुळेच पावती कोरी झाली. हे त्यांना सांगताना मला वाईट वाटले.

९ जून

पाऊस सुरू झाला. कोबाल्टचा कागद पुन्हा तापवून पाहिला. दिवा हलवण्यापूर्वीच, कडेची अक्षरे गुलाबी होऊ लागली होती.

१४ जून

मूळ पावतीला हात लावण्यापूर्वी सराव केला. पेट्रोल पंपावरच्या माझ्या तीन जुन्या पावत्या पर्समधल्या प्लास्टिकच्या कप्प्यात राहून पुसट झाल्या होत्या. पहिलीवर अल्कोहोलचा बोळा फिरवला, ती सगळी काळी होऊन वाया गेली, कारण अल्कोहोल लेपातले दोन्ही पदार्थ एकदम विरघळवून एकत्र आणतो. दुसरीला इस्त्री टेकवली, तिचेही तेच झाले. तिसरीला केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा लांबून, थोडी थोडी दिली. कोरा भाग हळूहळू करडा होत गेला, आणि जिथे आधी छपाई होती तिथला लेप एकदा वितळून गेलेला असल्याने तो तितका गडद झाला नाही. करड्या कागदावर फिकट अक्षरे दिसू लागली.

१५ जून

आधी पावतीची दोन्ही बाजूंनी, सरळ आणि तिरप्या उजेडात छायाचित्रे घेतली. मग मुलाच्या वडिलांची परवानगी घेऊन गरम हवा दिली. यंत्र मी धरले होते, मुलगी घड्याळ पाहत होती आणि मुलगा दर दहा सेकंदांनी छायाचित्र घेत होता. पाचव्या छायाचित्रात वरच्या कोपऱ्यात तारखेचा आकडा आला. सातव्यात इंजिनाचा अनुक्रमांक दिसला. नवव्यानंतर कागद जास्त काळवंडू लागला म्हणून थांबलो. खालच्या बाजूला, जिथे पाकीट कागदाला घट्ट चिकटलेले होते, तिथे कागद पांढराच राहिला. त्या भागातला लेप आता उष्णतेला प्रतिसाद देत नाही, आणि रक्कम तिथेच होती.

दुकानाचे नाव, तारीख आणि अनुक्रमांक एवढे हाती आले. अनुक्रमांकाचा शेवटचा आकडा ३ की ८ यावर आमचे एकमत होईना. भर पावसात तिघेही शाकारलेल्या होडीपाशी गेलो, ताडपत्री उचलली आणि इंजिनावरची पत्र्याची पट्टी पुसून पाहिली. तिथे ८ आहे. छायाचित्रांच्या प्रती काढून मुलाचे वडील उद्या विक्रेत्याकडे जाणार आहेत.